मम्मी, सांताक्लॉज खरा असतो का?

आजचे शास्त्रवाचन : २ पेत्र १:१६-१८, अनुवाद ६:२०-२५, लूक २:१-२४



नाताळ अगदी तोंडावर आला आहे. गॅलरीत चांदण्या लागल्या, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरू लागले, कॅरल्सच्या फेऱ्या सुरू झाल्या. दरवर्षी याच दिवसांत संडे स्कूल सुटल्यावर एखादी आई नाहीतर एखादे वडील दाराशी थांबतात आणि हळूच विचारतात. शाळेत सांताक्लॉज येतो, मॉलमध्ये येतो, आपल्या मंडळीच्या कार्यक्रमातसुद्धा कोणीतरी कापसाची दाढी लावून गोळ्या वाटतं. मग मूल घरी येऊन म्हणतं, "मम्मी, सांताक्लॉज खरा असतो का?" त्याला काय सांगायचं?

काही जण म्हणतात, "एवढं काय त्यात? लहान आहेत तोवर मजा करू द्या. मोठी झाली की आपोआप कळतं." काही जण अगदी दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीत सांता या नावाची अक्षरं इकडची तिकडे केली की सैतान होतो, म्हणून घरात त्याचं चित्रसुद्धा नको. हेतू दोघांचाही चांगला आहे. एकाला लेकरांचा आनंद जपायचा आहे, दुसऱ्याला लेकरांचा विश्वास. आज आपण वचनाच्या उजेडात पाहू, की आनंद आणि विश्वास दोन्ही कसे जपता येतील.

हा सांता आला कुठून?

आधी माणूस ओळखून घेऊ. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर मायरा नावाचं शहर होतं. चौथ्या शतकात तिथे निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्या काळातला लेखी पुरावा फारसा नाही, पण मंडळीच्या परंपरेत त्यांची एक गोष्ट फार जुनी आहे. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. लग्नात द्यायला पैसा नाही, आणि त्यापायी मुली वाईट मार्गाला लागायची वेळ आलेली. निकोलसांना हे कळलं. ते रात्री गुपचूप गेले आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून आले. असं तीनदा, प्रत्येक मुलीसाठी एकदा. कोणी दिलं हे कोणाला कळू नये म्हणून रात्रीची वेळ. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने दानधर्माविषयी जे शिकवलं (मत्तय ६:३-४), ते या माणसाने अक्षरशः केलं, असं ती गोष्ट सांगते.

६ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. १०८७ मध्ये खलाशांनी त्यांच्या अस्थी इटलीतल्या बारी शहरात नेल्या. हॉलंडच्या लोकांनी त्यांना सिंटरक्लास म्हटलं. सिंट म्हणजे संत. हेच नाव अमेरिकेत गेल्यावर सांताक्लॉज झालं. तेव्हा अक्षरांच्या त्या खेळाला काही आधार नाही. ज्याला आपण सैतान म्हणायला निघालो, तो मुळात ख्रिस्ताचा एक सेवक होता.

पण मग घसरगाडी, रेनडियर, धुराड्यातून उतरणं हे सगळं कुठून आलं? १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावच्या वर्तमानपत्रात एक कविता छापून आली. तिच्यात आठ रेनडियरची गाडी होती. १८६३ पासून थॉमस नास्ट या चित्रकाराने एका साप्ताहिकात सांताची चित्रं काढायला सुरुवात केली. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींतून तो जाडजूड, हसरा, लालबुंद गालांचा म्हातारा जगभर पोहोचला. लाल कपडे त्या कंपनीनेच दिले असं बरेच जण सांगतात, तेही बरोबर नाही. लाल कपड्यांतला सांता त्याच्या आधीच्या चित्रांतही आहे. जाहिरातींनी तो घराघरांत नेला एवढं मात्र खरं.

म्हणजे आपल्यापुढे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, प्रभूवर प्रेम करणारा खराखुरा माणूस. दुसरी, गेल्या दोनशे वर्षांत त्याच्यावर चढलेली कल्पनेची झालर. पहिल्याचा आदर करायला हरकत नाही. दुसरीशी खेळायलाही हरकत नाही. मग अडचण कुठे येते?

पेत्र काय म्हणतो?

पेत्राचं दुसरं पत्र हे म्हाताऱ्या माणसाचं पत्र आहे. आपला अंत जवळ आला आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तसं तो पहिल्याच अध्यायात सांगतो (२ पेत्र १:१४). अशा वेळी माणूस फालतू बोलत नाही. मागे राहणाऱ्यांना तो काय सांगतो? प्रभूचं सामर्थ्य आणि त्याचं येणं यांविषयी आम्ही तुम्हांला जे कळवलं, ते कोणी हुशारीने रचलेल्या कथांवर उभं नव्हतं. आम्ही ते स्वतः पाहिलं. त्या डोंगरावर आम्ही होतो, ती वाणी आमच्या कानांनी ऐकली.

म्हणजे रचलेली कथा आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांच्यामधली रेघ आपण ओढायच्या आधी खुद्द पेत्रानेच ओढून ठेवली आहे. लूकही तेच करतो. सगळं मुळापासून नीट तपासून लिहितो आहे, असं तो आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो. ख्रिस्तजन्माची हकिकत तो 'एक होतं गाव' अशी सुरू करत नाही. कैसर औगुस्ताचं नाव घालतो, सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याचं नाव घालतो, नावनिशी लिहून घेण्याचं कारण घालतो, गावाचं नाव घालतो. जणू म्हणतो, जा आणि तपासून पाहा.

आता आपल्या घरातल्या लेकराचा विचार करा. त्याच डिसेंबरात, त्याच मम्मी-पप्पांच्या तोंडून ते दोन गोष्टी ऐकतं. पहिली अशी, की न दिसणारा कोणी एक आहे, तो तुला बघतो, तू चांगला वागतोस की वाईट हे त्याला कळतं, एका रात्रीत तो सगळ्या जगात जातो आणि भेटी देतो. दुसरी अशी, की न दिसणारा देव आहे, तो तुला बघतो, तुझ्या मनातलं त्याला कळतं, तो सगळीकडे आहे, आणि त्याने आपला पुत्र आपल्याला दिला. चार-पाच वर्षांच्या मुलाजवळ या दोन गोष्टी वेगळ्या करायला कुठली चाळणी असते? दोन्हींवर ते एकाच कारणाने विश्वास ठेवतं, ते म्हणजे मम्मीने सांगितलं.

मग आठव्या-नवव्या वर्षी शाळेत कोणीतरी हसतं, "अजून सांता खरा वाटतो तुला?" पहिली गोष्ट पडते. त्याच दिवशी, नाहीतर त्याच वर्षी, मुलाच्या मनात येतं, "मग येशूचंपण तसंच असेल का?" जे मूल हे तोंडाने विचारतं त्याची मला काळजी नाही. त्याच्याशी आपण बोलू शकतो. न विचारता मनातल्या मनात ठरवून टाकणाऱ्या मुलाची काळजी वाटते.

इथे गैरसमज नको. लहानपणी सांतावर भरवसा ठेवलेले आणि आज प्रभूमध्ये खंबीर उभे असलेले कितीतरी विश्वासणारे आहेत. देवाची कृपा एवढी लेचीपेची नाही, की एका खोट्या दाढीने ती मागे हटेल. पण कृपा मोठी आहे म्हणून आपण लेकरांच्या वाटेत मुद्दाम खडा ठेवावा का?

पौल तीमथ्याला काय आठवण करून देतो पाहा (२ तीमथ्य ३:१४-१५). तू जे शिकलास त्यात टिकून राहा, आणि ते कोणाकडून शिकलास हेही लक्षात ठेव. त्याची आजी लोईस आणि आई युनीके. लहानपणापासून पवित्र शास्त्र त्याला या दोघींच्या घरात मिळालं होतं. शिकवण खरी होतीच, पण ती सांगणाऱ्या बायकाही खऱ्या होत्या, त्यांचं जगणं तीमथ्याने पाहिलं होतं. आपण आज आहोत ते आपल्या घरातले लोईस आणि युनीके. आपलं नाणं खणखणीत वाजलं पाहिजे.

गोष्ट वेगळी, खोटं वेगळं

कोणी म्हणेल, "मग मुलांना गोष्टीच सांगायच्या नाहीत का? राजा-राणी, परी, बोलणारे प्राणी, सगळं बंद?" नाही हो. पवित्र शास्त्रातच रचलेल्या गोष्टी आहेत. शास्ते ९ मध्ये योथाम झाडांची गोष्ट सांगतो. झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात आणि एकमेकांशी बोलतात. नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याच्या पापाची जाणीव करून दिली. आणि आपल्या प्रभूने तर दाखल्यांवर दाखले सांगितले. कल्पनाशक्ती हे देवाचं देणं आहे.

आपल्या घरांत काय चालतं बघा. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, असं म्हणत आई भरवते. चंद्राला आपण मामा करतो. दुधाचा दात पडला की उंदराला देतो आणि नवा दात माग म्हणतो. यात कोणी फसत नाही, कारण मूल आणि आई दोघंही त्या खेळात असतात. मोठं होता होता मूल त्यातून अलगद बाहेर येतं. चांदोमामा खरा मामा नाही हे कळल्यावर कोणाचं मन मोडल्याचं ऐकलंय का तुम्ही?

खोटं तिथे सुरू होतं, जिथे मूल खेळ थांबवून, डोळ्यांत डोळे घालून विचारतं, "मम्मी, खरं सांग ना," आणि आपण म्हणतो, "हो, अगदी खरं." त्यापुढे जाऊन आपण पुरावे तयार करतो. बशीतला अर्धा केक आपणच खातो आणि सांताने खाल्ला म्हणतो. पिठात पावलांचे ठसे उमटवतो. गिफ्टवर वेगळ्या अक्षरात नाव लिहितो. चिऊ-काऊसाठी आपण कधी असे पुरावे केले नव्हते. खेळाला पुराव्याची गरजच पडत नाही. पुरावे लागतात ते साक्षीला, आणि इफिसकरांस ४:२५ मध्ये पौल सांगतो, की आपण एकाच शरीराचे अवयव आहोत म्हणून एकमेकांशी खोटं बोलणं टाकून द्यावं. घरातलं लहान मूलही त्याच शरीराचा अवयव आहे. खरं बोलायला वयाची अट पौलाने घातलेली नाही.

१८९७ सालची एक हकिकत प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने 'द सन' या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मैत्रिणी म्हणतात सांताक्लॉज नाही, आणि पप्पा म्हणतात 'सन'मध्ये छापून आलं की ते खरं असतं, तर तुम्ही खरं काय ते सांगा, असा तिचा प्रश्न होता. फ्रान्सिस चर्च या संपादकांनी अग्रलेखातून उत्तर दिलं. जगात प्रेम आणि औदार्य आहे तसाच सांताही आहे, अशा अर्थाचं ते फार गोड उत्तर आहे आणि आजही दर नाताळात पुन्हा छापलं जातं. गोड आहे हे मान्य. पण त्या मुलीने प्रेम आहे का असं विचारलं नव्हतं. तिचा प्रश्न साधा होता, आणि आपल्या पप्पांच्या शब्दावर भरवसा ठेवून तिने तो विचारला होता. लेकरू असा भरवसा आपल्या हातात ठेवतं तेव्हा त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं. प्रभूने होय तर होय आणि नाही तर नाही असं बोलायला शिकवलं (मत्तय ५:३७), ते घरालाही लागू आहे.

सांताची वही आणि प्रभूची कृपा

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. खरं-खोटं हा एक भाग झाला. पण सांता मुलांना शिकवतो काय, याकडे आपण फार कमी लक्ष देतो.

सांताजवळ एक वही असते म्हणतात. चांगल्या मुलांची नावं एका पानावर, वाईट मुलांची दुसऱ्या. नोव्हेंबर संपत आला की आपल्या घरांत सुरू होतं, "दूध प्यायलं नाहीस तर सांता येणार नाही. भावाला मारलंस? सांता बघतोय बरं!" पूर्वी बागुलबुवा येऊन घेऊन जायचा, आता सांता येत नाही, एवढाच फरक. लेकरू शिकतं ते असं, की चांगलं वागलो तर मिळतं, नाहीतर नाही.

आमच्या संडे स्कूलला जवळच्या वस्तीतली काही मुलं येतात. एका वर्षी नाताळानंतरच्या रविवारी मुलं आपापल्या भेटी सांगत होती. सोसायटीतल्या एकाला सांताने सायकल दिली होती, एकीला रिमोटची गाडी. वस्तीतला एक मुलगा गप्प होता. वर्ग सुटल्यावर जवळ येऊन म्हणाला, "टीचर, मी तर रोज प्रार्थना करतो, मारामारी पण सोडली. मग सांताच्या वहीत माझं नाव वाईट मुलांत कसं काय?"

प्रियांनो, या मुलाला काय उत्तर द्यायचं? सायकलवाल्या घराने कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांना फक्त आपल्या मुलाला खूश करायचं होतं. पण ती सायकल पप्पांच्या पगारातून आली हे झाकलं गेलं, आणि गरिबाच्या लेकराने त्याचा अर्थ असा लावला, की श्रीमंताची मुलं चांगली आणि मी वाईट. देवाच्या घरात, ख्रिस्तजन्माच्या सणात हा निरोप एका लेकरापर्यंत पोहोचला.

त्या दिवशी मी त्याला लूक २:२४ उघडून दाखवलं. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा योसेफ आणि मरीयेने कशाचं अर्पण केलं? पक्ष्यांच्या जोडीचं. लेवीय १२:८ मध्ये ही सूट कोणाला दिली आहे? ज्याला कोकरू परवडत नाही त्याला. म्हणजे आपला प्रभू अशा घरात आला, ज्या घराला एक कोकरू घ्यायला पैसे नव्हते. आणि देवदूतांनी ही बातमी सर्वांत आधी कोणाला सांगितली? रात्रपाळीने मेंढरं राखणाऱ्यांना. सांता श्रीमंताच्या घरी जास्त देतो आणि गरिबाच्या घरी चुकतो. ख्रिस्त मात्र गरिबाच्याच घरी जन्माला आला. ते पोरगं ऐकत होतं आणि त्याचे डोळे मोठे होत होते. "म्हणजे येशूपण आमच्यासारखा?" हो रे बाळा, तुमच्यासारखाच.

नाताळाचा निरोप वहीच्या अगदी उलट आहे. रोमकरांस ५:८ मध्ये पौल सांगतो, की ख्रिस्त आपल्यासाठी मेला तेव्हा आपण अजून पापीच होतो. आपण सुधारायची वाट देवाने पाहिली नाही. तीताला ३:५ आणि इफिसकरांस २:८-९ हेच सांगतात, की तारण हे आपल्या चांगल्या कामांची मजुरी नाही, ते दान आहे. वहीत नाव कुठल्या पानावर आहे हे बघून देव भेट देता, तर आपल्यापैकी एकाच्याही घरी नाताळ आला नसता.

आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. वहीवाला देव मनात बसला की तो चाळिशीतही जात नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस म्हणतो, "मी कोणाचं वाईट केलं होतं म्हणून देवाने हे दिलं?" नोकरी जाते, मूल होत नाही, आणि आपण हिशोब काढत बसतो, की प्रार्थना कमी पडली की दशांश चुकला. आपल्या प्रार्थनासुद्धा सांताला पाठवलेल्या चिठ्ठीसारख्या होतात, फक्त यादी. मिळालं तर देव चांगला, नाही मिळालं तर देव गप्प. गव्हाणीतल्या देवाची ओळख लहानपणीच झाली, तर मोठेपणी त्या बाकावर बसताना माणसाला निदान एवढं कळेल, की देव आपल्यावर रुसलेला नाही, तो आपल्याशेजारी बसला आहे. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नाही.

मग घरात काय करायचं?

पहिलं, मूल विचारील त्या दिवशी खरं सांगा. वयाला झेपेल अशा शब्दांत, हसत, न चिडता. "सांता हा एक गोड खेळ आहे. आणि फार वर्षांपूर्वी निकोलस नावाचे एक चांगले माणूस होते, त्यांच्यावरून तो सुरू झाला. त्यांची गोष्ट सांगू?" एवढं पुरे होतं. आजवर घरात सांता खरा म्हणून सांगितला असेल, तर घाबरू नका. मुलाला जवळ घेऊन आता सांगा. त्याला वाईट वाटलं तर माफी मागा. आई-वडिलांनी माफी मागितलेली पाहणं हाही मुलासाठी सुवार्तेचाच धडा आहे. आणि त्याने विचारलं, "मग येशू?" तर आनंद माना आणि २ पेत्र १:१६ उघडा. त्याला सांगा, की सांताची गोष्ट खरी ठरवायला कोणी फटके खाल्ले नाहीत, पण येशूला पाहिलेल्या प्रेषितांनी त्याच्या नावासाठी फटके खाल्ले आणि तरी ते आनंद करत बाहेर पडले (प्रेषितांची कृत्ये ५:४०-४१).

दुसरं, भेट कोणी दिली ते झाकू नका. पप्पांनी ओव्हरटाइम करून, मम्मीने घरखर्चातून वाचवून आणलेली भेट त्यांच्याच हातून मिळू द्या. आपल्यावर प्रेम करणारी माणसं घरातच आहेत हे मुलाला कळतं आणि त्याला थँक्यू म्हणायला तोंड सापडतं. मग त्याला याकोब १:१७ समजावून सांगणंही सोपं जातं, की हे सगळं चांगलं देणं मुळात वरून, स्वर्गातल्या पित्याकडून येतं.

तिसरं, ६ डिसेंबरला निकोलसांची गोष्ट सांगा आणि मुलांकडून तसं काही करून घ्या. ओळखीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजींच्या दाराशी फराळाचा डबा ठेवायचा आणि नाव न सांगता परत यायचं. घरी येताना मुलांचा चेहरा बघा. सांताची वाट बघण्यात जेवढी मजा असते, तेवढीच निकोलस होण्यात असते.

चौथं, मुलांना दुसऱ्यांची चेष्टा करायला शिकवू नका. आपल्याला खरं कळलं म्हणून शेजारच्या छोटीला रडवायचं नाही. "तुझ्या मम्मीला विचार हं," एवढं म्हणून गप्प बसायचं. रोमकरांस १४ मध्ये पौल दुसऱ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका म्हणतो, ते इथेही चालतं. मोठ्यांनीही हे लक्षात ठेवावं. नातवंडांना सांता दाखवायची आजी-आजोबांना हौस असते. त्यांच्याशी वाद घालू नये. "आई, गोष्ट म्हणून सांगा, फक्त खरं आहे म्हणून नको," असं आदराने म्हणावं. ज्या घरात वेगळं चालतं त्या घराला नावं ठेवणं हेही प्रेम नव्हे.

पाचवं, मंडळीच्या कार्यक्रमात सांता असेलच तर सूत्रसंचालकाने उघड सांगावं, "सांताचा वेश घेऊन येत आहेत आपलेच काका." मुलं तेवढ्याच जोराने टाळ्या वाजवतात. गोळ्या सगळ्यांना सारख्या मिळू द्या. आणि नाटुकलं बसवताना शास्त्राशी आपणही प्रामाणिक राहू. मागी लोक तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, तीन भेटी आहेत एवढंच तो सांगतो, आणि ते आले तेव्हा बाळ घरात होतं (मत्तय २:११). मुलांना हे सांगा. "टीचर पण शास्त्र तपासून बघतात" हे त्यांना दिसू द्या.

शेवटचं, २५ तारखेला भेटी उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्या मुलाकडून लूक २ वाचून घ्या. अडखळत वाचलं तरी चालेल. मेंढपाळांपर्यंत पोहोचायला पाच मिनिटं लागतील. त्यानंतर कागद फाडू द्या खुशाल!

अनुवाद ६:२० मध्ये मोशे सांगतो, की पुढे तुझा मुलगा तुला या सगळ्याचा अर्थ विचारील. म्हणजे मुलं विचारणार हे देवाने गृहीतच धरलं आहे. आणि उत्तर काय द्यायला सांगितलं? घडलेली हकिकत. आम्ही मिसरात गुलाम होतो आणि परमेश्वराने आम्हांला बाहेर काढलं. आपल्याजवळही घडलेली हकिकत आहे, प्रियांनो. ती सांगायला आपल्याला पिठात ठसे उमटवावे लागत नाहीत.

प्रार्थना :

हे आमच्या स्वर्गातील पित्या, तू आमच्यापासून काही लपवलं नाहीस. तुझा पुत्र खरोखर आला, खरोखर रडला, खरोखर मेला आणि खरोखर उठला, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या लेकरांनी आमच्या तोंडून ऐकलेला शब्द त्यांना पुढे टेकायला आधार होवो. वही काढून त्यांना भिववण्यापासून आम्हांला आवर, आणि तुझी कृपा त्यांच्यापुढे जगून दाखवायला आम्हांला मदत कर. ज्या घरात या नाताळात एकही भेट येणार नाही, त्या घरातल्या लेकराला कळू दे की तू त्याला विसरला नाहीस, आणि ते कळवायला, प्रभू, आमचे हात वापर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.